कायदा पडला, डिग्रीचं काय?

भरतीच्या वेळी उमेदवारांची कागदपत्रं तपासायचं काम चार-पाच वर्षं माझ्याकडे होतं. कंटाळवाणं काम, ओरिजिनल बघायचं, झेरॉक्सवर शिक्का मारायचा, रकान्यात टिक, पुढचा या. एकदा एक पोरगा आला, तालुक्याच्या गावचा, एमएस्सी आयटी, फर्स्ट क्लास, आणि डिग्री ईशान्येकडच्या एका राज्यातल्या खाजगी विद्यापीठाची. मी विचारलं दोन वर्षं तिकडे होतास का, तर म्हणाला नाही सर, सेंटर आमच्या स्टँडसमोरच होतं, मोबाईलच्या दुकानाच्या वर, परीक्षापण तिथेच झाली. आणि मी काही बोलायच्या आत त्याने फोल्डरमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला, प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून घातलेला. त्या राज्याच्या गॅझेटची झेरॉक्स. म्हणाला, विधानसभेने कायदा करून झालेली युनिव्हर्सिटी आहे सर, फेक नाही.

आणि तो खोटं बोलत नव्हता हो. गॅझेट खरं होतं, कायदा खरा होता. फक्त त्या राज्याचा कायदा त्या राज्याच्या हद्दीपुरता, आणि त्याचं सेंटर हजार-दीड हजार किलोमीटर लांब आमच्याकडे, त्यामुळे मी शेऱ्यात लिहिलं की पदवी ग्राह्य नाही. त्याने विचारलं मग फी कोणाकडे मागायची. मी त्याला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, दिल्लीतला बहादूरशहा जफर मार्गाचा पत्ता सांगितला, जो काही उपयोगाचा नाही हे मलापण माहीत होतं, आणि त्याने तो त्याच गॅझेटच्या झेरॉक्सच्या पाठीमागे लिहून घेतला.

तेव्हापासून खाजगी विद्यापीठांच्या कायद्याला कुठे कोर्टात आव्हान दिलं गेलं की मी लक्ष ठेवून वाचतो, आणि दर वेळी वाटतं की भांडण भलत्याच गोष्टीवर चाललंय. वकील लोक तासन् तास बोलतात ते कुठली नोंद कुठल्या सूचीत यावर. माझं म्हणणं सरळ आहे, की ज्या राज्याने कायदा करून विद्यापीठ जन्माला घातलं त्या राज्यानेच ते बुडाल्यावर पोरांची जबाबदारी घ्यायची, पैशासकट, आणि तशी जबाबदारी कायद्यात कलम म्हणून लिहिलेली नसेल तर तेवढ्या एका कारणावरून तो कायदा कोर्टात पडावा.

आता हे सूचीचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुठल्या विषयावर केंद्राने कायदा करायचा, कुठल्यावर राज्याने आणि कुठल्यावर दोघांनी, याच्या तीन सूच्या घटनेत आहेत. विद्यापीठ स्थापन करायचा, म्हणजे त्याला कायदेशीर अस्तित्व द्यायचा अधिकार राज्यसूचीत आहे, नोंद ३२. शिक्षण हा विषय आधी राज्याकडे होता, तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला, नोंद २५. आणि उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं, त्यात समन्वय ठेवणं हे केंद्राकडे, नोंद ६६. म्हणजे पोरगं जन्माला घालायचा हक्क राज्याला आणि ते नीट वाढतंय का बघायचं काम दिल्लीला. त्यात यूजीसी कायद्याचं कलम २२ असं सांगतं की डिग्री कोण देऊ शकतं, तर केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ (म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था), किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणी नाही. त्यामुळे राज्याचा एक कायदा म्हणजे काय, तर डिग्री छापायचा परवाना. बिल्डिंग, लॅब, प्राध्यापक हे सगळं नंतर बघू, आधी परवाना.

छत्तीसगडने हे 'नंतर बघू' कुठवर नेता येतं ते करून दाखवलं. नोव्हेंबर २००० मधे राज्य झालं, अजित जोगी मुख्यमंत्री, आणि २००२ मधे त्यांनी खाजगी क्षेत्र विद्यापीठांचा एक कायदा आणला. त्यात गंमत अशी की प्रत्येक विद्यापीठासाठी विधानसभेत जायची गरजच ठेवली नाही. प्रस्ताव द्या, सरकार गॅझेटमधे नोटिफिकेशन काढणार, झालं विद्यापीठ. वर्षभरात शंभरावर विद्यापीठं झाली, निकालपत्रात आकडा ११२ चा आहे. अख्ख्या महाराष्ट्रात तेव्हा सरकारी आणि अभिमत मिळून तेवढी नव्हती आणि छत्तीसगडची लोकसंख्या सव्वादोन कोटीच्या आतली. कित्येकांना इमारत नाही, कॅम्पस नाही, एका खोलीत कारभार. वर कायद्यात अशी सोय की राज्याबाहेरपण सेंटरं काढा. माझ्या टेबलावर आलेला पोरगा छत्तीसगडचा नव्हता, पण त्याच्या सेंटरची कल्पना हीच.

याच्या विरोधात सुप्रीम कोर्टात गेले ते प्रोफेसर यशपाल. शास्त्रज्ञ माणूस, यूजीसीचे माजी अध्यक्ष, शाळेच्या दप्तराचं ओझं कमी करा म्हणणारी १९९३ ची समिती त्यांचीच. ११ फेब्रुवारी २००५ ला सरन्यायाधीश लाहोटींच्या खंडपीठाने निकाल दिला आणि कायद्याची कलमं ५ आणि ६ घटनाबाह्य ठरवली, आणि त्या कलमांखाली झालेली सगळी विद्यापीठं एका फटक्यात संपली. कोर्टाचा मुद्दा मला आजही पटतो. विद्यापीठ म्हणजे शिकवणारी, संशोधन करणारी जिवंत संस्था, ती आधी असायला हवी, किमान तिचं हाडमांस तरी दिसायला हवं, मग तिला कायद्याचं अंग द्या. नुसत्या प्रस्तावाला विद्यापीठ म्हणून घोषित करणं म्हणजे विद्यापीठ या शब्दाचीच चेष्टा. आणि दर्जा सांभाळायचं यूजीसीचं काम अशा कायद्यामुळे अशक्यच होऊन बसतं. राज्याबाहेरच्या सेंटरांबद्दलपण स्पष्ट, राज्याची विधानसभा आपल्या हद्दीपुरती.

लोक हा निकाल सांगताना इथे थांबतात, आणि माझी अडचण पुढच्याच परिच्छेदाशी आहे. तिथे शिकणाऱ्या पोरांचं काय, तर कोर्टाने राज्य सरकारला सांगितलं की या विद्यापीठांच्या संस्थांना आधीपासून असलेल्या सरकारी विद्यापीठांशी संलग्न करून घेण्यासाठी योग्य ती पावलं उचला. वाचायला बरं वाटतं. पण संलग्न करायला मुळात कॉलेज तर पाहिजे ना? ज्याचं विद्यापीठच एका खोलीचं, त्याची संस्था कुठली आणि संलग्न काय करणार, टेबल आणि दोन खुर्च्या? ज्या कारणासाठी कोर्टाने विद्यापीठ रद्द केलं, तेच कारण पोरांना वाचवायच्या उपायाच्या आड येतं. यात कोर्टाचा दोष काढायचा नाही मला, कोर्टासमोर याचिका कायद्याच्या वैधतेची होती आणि कायद्यात पोरांसाठी काही लिहिलेलंच नव्हतं तर कोर्ट आणणार कुठून.

निकालानंतर राज्यं सुधारली का? हुशार झाली. यूजीसीच्या २००३ च्या नियमावलीत होतंच की प्रत्येक खाजगी विद्यापीठासाठी राज्याचा वेगळा कायदा हवा, मग राजस्थानसारख्यांनी दर विद्यापीठाला वेगळा कायदा करायची पद्धत धरली, गुजरातने २००९ मधे एकच मोठा कायदा केला आणि त्याला परिशिष्ट जोडलं, नवीन विद्यापीठ आलं की दुरुस्ती विधेयक आणून परिशिष्टात एक ओळ वाढवायची. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ पासून एकेकाचे वेगवेगळे कायदे झाले, मग २०२३ मधे सगळ्यांना एका छत्राखाली घेणारा कायदा आला. कागदावर बघाल तर यशपाल निकालाची अट पूर्ण, नोटिफिकेशन नाही, विधानसभा आहे. पण अधिवेशनाचा शेवटचा दिवस कसा असतो ते आपण टीव्हीवर बघतोच, वेलमधे घोषणा चालू, मंत्री विधेयकाचा नंबर वाचतात, होयचे बहुमत आहे, मंजूर. पूर्वी जे काम मंत्रालयातला सेक्रेटरी सही करून करायचा तेच आता दोनशे-अडीचशे आमदार मिळून करतात, आणि कोणी विचारलं की इमारत बघितली का, तर सेक्रेटरीला निदान फाईलवर उत्तर द्यावं लागायचं, आमदारांना तेवढंपण नाही.

वेगळा कायदा केला म्हणजे भागलं असं नाही, याला मेघालय बघा. तिथलं सीएमजे विद्यापीठ २००९ च्या स्वतंत्र कायद्याने झालं, छत्तीसगडसारखा शॉर्टकट नाही. राज्यपाल हे विद्यापीठाचे व्हिजिटर, म्हणजे वरून देखरेख ठेवणारे. २०१३ मधे बाहेर आलं की एका वर्षात चारशेच्या वर पीएचडी वाटल्यात. पीएचडी! एक गाईड एका वेळी किती विद्यार्थी घेतो हे ज्याने विद्यापीठात पाऊल ठेवलंय त्याला सांगायची गरज नाही. राज्यपालांनी कारवाई सांगितली, राज्याने २०१४ मधे विद्यापीठ बरखास्त केलं, मग हायकोर्ट, मग वर अपील, आणि बरखास्ती बरोबर होती हे सुप्रीम कोर्टातून नक्की व्हायला २०२५ चा फेब्रुवारी उजाडला. त्यात एक मोठा मुद्दा काय होता, तर कुलपतींची नेमणूक व्हिजिटरच्या मान्यतेशिवाय झाली. असेल, कायद्याने तोही महत्त्वाचा. पण अकरा वर्षं ज्यांच्या हातात ती डिग्री आहे त्यांनी काय करायचं, इंटरव्ह्यूत सांगायचं का की माझी पदवी सबज्युडिस, म्हणजे कोर्टात अडकलेली, आहे.

मला माहितीये यावर पहिला युक्तिवाद काय येतो. राज्यांकडून हा अधिकारच काढा, सगळं दिल्लीला द्या. मला हे अजिबात पटत नाही. अभिमत विद्यापीठं कोण करतं, यूजीसीच्या सल्ल्याने केंद्र सरकार, यूजीसी कायद्याचं कलम ३. त्यांची अवस्था काय होती? २००९ मधे टंडन समितीने ४४ अभिमत विद्यापीठं त्या दर्जाला लायकच नाहीत असं सांगितलं. आणि नोव्हेंबर २०१७ मधे सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांनी पत्राने, म्हणजे डिस्टन्सने, दिलेल्या इंजिनिअरिंगच्या डिग्र्या स्थगित केल्या, लोक नोकरीत चिकटून, प्रमोशन घेऊन बसलेले, आणि त्यांना सांगितलं परत परीक्षेला बसा. ही सगळी दिल्लीच्या पंखाखालची. तेव्हा दुकान राज्याचं की केंद्राचं यावरून मालाची गॅरंटी ठरत नाही. उलट राज्याकडे अधिकार असण्यात एक फायदा आहे, सरकार जवळ असतं, मोर्चा नेता येतो, आमदाराचं घर माहीत असतं.

दुसरा युक्तिवाद संस्थाचालकांचा, की संस्था काढणं हा आमचा मूलभूत हक्क, टीएमए पै प्रकरणात २००२ मधे अकरा न्यायाधीशांनी सांगितलंय, घटनेचं कलम १९(१)(जी). बरोबर, सांगितलंय. पुढे २००५ मधे पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार, आपल्याच राज्यातलं प्रकरण, त्यातही सात न्यायाधीशांनी विनाअनुदानित संस्थांवर सरकारी कोटा लादता येणार नाही म्हटलं, जे नंतर घटनादुरुस्तीने, कलम १५(५) आणून, फिरवावं लागलं. पण याच निकालांत नफेखोरी चालणार नाही हेपण आहे, आणि २०१६ मधे मॉडर्न डेंटल प्रकरणात पाच न्यायाधीशांनी राज्याला फी आणि प्रवेशावर नियंत्रण ठेवायचा अधिकार आहे हे मान्य केलं. आणि मला तर यात मूळचीच गफलत दिसते. शिकवणं हा तुमचा हक्क असेल, क्लास काढा, कॉलेज काढा, कोण अडवतंय. पण डिग्री देणं हा कोणाचाही जन्मसिद्ध हक्क नाही, तो राज्याचा शिक्का आहे जो राज्य तुमच्या हातात देतं. शिक्का माझा आणि तो कुठे मारला त्याची जबाबदारी माझी नाही, असं घरचा माणूस म्हणाला तर आपण ऐकून घेऊ का?

इथे महाराष्ट्राचा अनुभव फार बोलका आहे आणि त्याबद्दल कोणी या चर्चेत बोलत नाही. १९८३ मधे वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दारं उघडली, त्यातून शिक्षणसम्राट निघाले, डोनेशन आलं, सगळ्या शिव्या देऊन झाल्या. पण त्या कॉलेजांत शिकलेल्यांची डिग्री पुणे विद्यापीठाची, मुंबईची, शिवाजीची. पेपर विद्यापीठ काढणार, तपासणार दुसऱ्या कॉलेजचे लोक. मधल्या काळात कितीतरी कॉलेजं बंद पडली, जागा रिकाम्या, कुलूप लागलं, पण शेवटच्या वर्षाची पोरं शेजारच्या कॉलेजात गेली आणि आधी पास झालेल्यांच्या डिग्रीला धक्का लागला नाही, कारण डिग्री देणारा वेगळा होता आणि तो जागेवर होता. खाजगी विद्यापीठात शिकवणारा तोच, पेपर काढणारा तोच, तपासणारा तोच, डिग्री छापणारा तोच आणि फी घेणारापण तोच. तो पडला की मागे उभं राहायला कोणी नाही. हा फरक इतका मोठा आहे की त्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद लागणार हे सांगायला घटनातज्ज्ञ लागत नाही.

खाजगी विद्यापीठं सगळी भामटी आहेत असं कोणी समजू नका, मीपण समजत नाही. काही चांगली आहेत, सिलॅबस वेळेवर बदलतात, निकाल वेळेवर लावतात. आणि सरकारी विद्यापीठांचं काय सांगायचं, २०१७ मधे मुंबई विद्यापीठाने ऑनलाईन पेपर तपासणीच्या नादात निकालांचा जो घोळ घातला तो आठवला तरी पुरे. आज देशात राज्य कायद्याने झालेली खाजगी विद्यापीठं चारशेच्या वर आहेत, ती काही उद्या जाणार नाहीत. म्हणूनच तर म्हणतो की रद्द करा रद्द करा या ओरड्यापेक्षा रद्द झाल्यावर काय, हे आधी ठरवा.

म्हणजे नक्की काय? कायद्यात हल्ली ठेव निधी असतो, इतके कोटी सरकारकडे ठेवा वगैरे, आणि तो दाखवून सांगतात की बघा सुरक्षितता आहे. जरा गणित करू. समजा ठेव पाच कोटी. विद्यापीठात पाच हजार पोरं, प्रत्येकाची वर्षाची फी एक लाख धरा, ही कमीच धरली. म्हणजे वर्षाला पन्नास कोटी जमतात. बुडालं तर पाच कोटी भागिले पाच हजार, पोरामागे दहा हजार. एका वर्षाच्या फीचा दहावा हिस्सा, आणि गेलेली वर्षं सोडाच. ठेव ठोक रकमेची असते हीच चूक, ती पटावरच्या विद्यार्थ्यांप्रमाणे वाढत जायला हवी, दर वर्षी, किमान एका वर्षाची फी तरी. आणि विद्यापीठ कोसळलं तर शिल्लक राहिलेलं शिक्षण पूर्ण करून द्यायची, परीक्षा घ्यायची, रेकॉर्ड सांभाळायची जबाबदारी राज्यातल्या कुठल्या सरकारी विद्यापीठाची, हे नाव घालून परिशिष्टात लिहा, विद्यापीठाच्या नावासमोरच. नाव घातलं की ते सरकारी विद्यापीठ आधीच ओरडेल, की अहो आमच्या गळ्यात हे काय बांधताय, तिकडे तर लॅबच नाही. ओरडू दे की. त्या ओरडण्यातून जी तपासणी होईल ती कुठल्याच समितीने केलेली नसेल.

आणि पैसे कमी पडले तर राज्याच्या तिजोरीतून. यावर लगेच येणार की करदात्यांनी का भरायचं. कारण करदात्यांच्या आमदारांनी हात वर केला म्हणून. उद्या विधेयकाला वित्त विभागाचा अभिप्राय लागला, की हे बुडालं तर अंगावर किती येईल, तर परिशिष्टात ओळ वाढवायच्या आधी निदान एक माणूस जागेवर जाऊन बघून येईल की तिथे बिल्डिंग आहे की नुसता बोर्ड.

कोर्टाला हे करता येईल का? मला वाटतं येईल. २०१७ च्या तिहेरी तलाकच्या निकालापासून कायदा उघडउघड मनमानी असेल तर कलम १४ खाली पडू शकतो हे बऱ्यापैकी पक्कं झालंय. एखादा कायदा एका संस्थेला हजारो लोकांकडून पैसे घेऊन राज्याच्या नावाचा शिक्का विकायची परवानगी देतो आणि ती संस्था गायब झाली तर त्या लोकांचं काय यावर एक शब्द बोलत नाही, ही मनमानी नाही तर काय? वकिलांनी नोंद ६६ वरचे तास थोडे कमी करून हा मुद्दा घ्यावा. आणि याचिका दाखल झाली की निकालाची वाट न बघता नवीन प्रवेश थांबवायचे, म्हणजे अकरा वर्षं चाललं तरी निदान खड्ड्यात पडणाऱ्यांची संख्या वाढत नाही.

नोव्हेंबर २०२५ मधे एक मजेशीर गोष्ट झाली. एका मुलीने नाव बदललं होतं आणि तिचं खाजगी विद्यापीठ नवीन नाव रेकॉर्डला घ्यायला तयार नव्हतं, एवढ्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कोर्टाने तिच्या प्रश्नावरून अख्ख्या देशाचा विषय काढला, आणि केंद्र, सगळी राज्यं आणि यूजीसी यांना अ‍ॅफिडेव्हिट द्यायला सांगितलं, की तुमच्याकडची खाजगी विद्यापीठं कुठल्या कायद्याने झाली, त्यांना जमिनी आणि सवलती काय दिल्या, ती चालवतं कोण, नफा कमवत नाहीत हे कोण बघतं, विद्यार्थ्यांच्या तक्रारी कुठे ऐकतात. तेही खालच्या कोणा क्लार्कने लिहून दिलेलं नको, चीफ सेक्रेटरींनी स्वतः बघून. यादी चांगली आहे. मी असतो तर तीत एकच रकाना वाढवला असता, आतापर्यंत किती जणांना डिग्र्या दिल्या आणि विद्यापीठ उद्या बंद झालं तर त्यांच्यासाठी आज बँकेत नक्की किती रुपये आहेत. माझा अंदाज असा की हा आकडा एकाही चीफ सेक्रेटरीच्या टेबलावर तयार नसेल, जिल्ह्याजिल्ह्यातून मागवावा लागेल, आणि खालून उत्तर येईल की सदर माहिती या कार्यालयाकडे उपलब्ध नाही.